डॉ. श्रीराम लागूंना बघायला सुरुवात कुठून करू?

मधुरा_टी

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस विचारायचं मनात होतं. काशिनाथ घाणेकरांवरचा २०१८ चा पिक्चर परत बघितला, त्यात सुमीत राघवनने डॉ. लागूंचं काम केलंय, आणि पिक्चर संपल्यावर मला घाणेकरांपेक्षा लागूंबद्दलच जास्त कुतूहल वाटायला लागलं. आमच्या पिढीला ते माहितीयेत ते टीव्हीवर लागणाऱ्या हिंदी पिक्चरमधले म्हणून, मुकद्दर का सिकंदर, लावारिस वगैरे, चार सीन, सूट, गंभीर आवाज आणि संपलं. घरी बाबांना तसं म्हटलं तर ते म्हणाले मग तू लागू बघितलेच नाहीस.

तर मला तीन गोष्टी विचारायच्यात. एक, चांगले शिकलेले नाक-कान-घशाचे सर्जन होते, बाहेर देशात जाऊन आलेले, मग चाळिशी ओलांडल्यावर सगळं सोडून नाटकात का आले? दोन, आमच्या एकांकिकेच्या ग्रुपमधला एक मित्र ठामपणे म्हणतो की लागू बौद्धिक नट होते, कोरडे होते, डोक्याने काम करायचे, मनाने नाही. हे खरंय का? आणि तीन, आता नाटकं तर बघता येणार नाहीत, मग नेमकं काय बघू, कुठल्या क्रमाने बघू?

ज्यांनी त्यांना स्टेजवर बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मोठं झालं तरी चालेल.

---

विंगेतून

मधुरा, छान विषय काढलास. पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तिथेच गैरसमज जास्त आहे.

लोकांना वाटतं १९६९ ला एका सकाळी उठले आणि दवाखाना बंद करून नट झाले. तसं नाहीये. जन्म साताऱ्याचा, १६ नोव्हेंबर १९२७. वडील पण डॉक्टर. शिक्षण पुण्यात, भावे स्कूल, फर्ग्युसन, मग बी. जे. मेडिकल. नाटकाचा नाद कॉलेजातच लागला आणि डॉक्टर झाल्यावर पण सुटला नाही. भालबा केळकर आणि बाकी मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे आपली पीडीए, त्यात ते सुरुवातीपासून होते. वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक 'वेड्याचं घर उन्हात' पीडीएनेच केलं, १९५७ च्या सुमाराला, त्यात मुख्य काम लागूंचं. म्हणजे दिवसा पेशंट आणि संध्याकाळी तालीम हे बरीच वर्षं चाललेलं होतं. पुढे कॅनडा आणि इंग्लंडला शिकायला गेले, नंतर आफ्रिकेत टांझानियात टाबोरा म्हणून गाव आहे तिथे सर्जन म्हणून काम केलं. आता बघ, टाबोऱ्यात मराठी रंगभूमी कुठून आणणार? पैसा होता, मान होता, पण नाटक नव्हतं. माझं मत असं की निर्णय तिथेच झाला असणार, इथे येऊन फक्त जाहीर झाला.

१९६९ ला परत आले आणि कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू' पासून पूर्णवेळ व्यावसायिक नट. आणि पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७०, 'नटसम्राट'. शिरवाडकरांचं नाटक, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, संस्था धी गोवा हिंदू असोसिएशन, पहिला प्रयोग मुंबईत बिर्ला मातोश्रीला. नायकाची बायको कावेरी म्हणजे शांता जोग. तेव्हा लागू जेमतेम ४३ वर्षांचे होते हे लक्षात घे. त्र्याऐंशी नाही, त्रेचाळीस. आणि उभं काय करायचं तर रिटायर झालेला, सगळं आयुष्य रंगभूमीवर घालवलेला, सगळी इस्टेट मुलांना वाटून मोकळा झालेला म्हातारा गणपतराव बेलवलकर, म्हणजे अप्पासाहेब.

मी हे नाटक लहान वयात वडिलांबरोबर बघितलं. पहिल्या अंकातला अप्पासाहेब आणि शेवटच्या अंकातला अप्पासाहेब यांच्या पाठीत फरक होता. मी परत सांगतो, पाठीत. मुलाकडे राहायला जातात तेव्हा ताठ, स्वतःच्याच घरात असल्यासारखे, मुलीकडे जाईपर्यंत पाहुण्यासारखे जरा आखडून, आणि मुलीने चोरीचा आळ घेतल्यावर तर ते शरीर आतून रिकामं झाल्यासारखं दिसायला लागलं. मेकअप तोच असेल, म्हातारपण मेकअपने आणलं नव्हतं. थिएटरात माणसं हुंदके देत होती आणि वडील, जे घरात कधी रडले नाहीत, ते रुमाल काढून बसले होते.

---

कान_नाक_घसा

मी स्वतः ईएनटी आहे, नाशिकला प्रॅक्टिस. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा.

आधी सोडण्याबद्दल. सर्जन व्हायला किती वर्षं जातात आणि प्रॅक्टिस बसवायला त्यानंतर किती जातात हे बाहेरच्या माणसाला नीट कळत नाही. आमच्याकडे हात हीच पुंजी. सहा महिने ऑपरेशन केलं नाही तर हात बुजतो. लागूंनी ते सोडलं तेव्हा परतीचा रस्ता दर महिन्याला अरुंद होत जाणार हे त्यांना माहीत असणारच, आणि समोर काय होतं तर मराठी नाटकाची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, आणि बसचे दौरे. हिंदी सिनेमाचे पैसे नंतर आले, आधी नाही. म्हणून मला तो निर्णय फार मोठा वाटतो.

आता आवाज. नटसम्राटमधली स्वगतं नेटवर त्यांच्या आवाजात मिळतात, ती ऐका, पण एकदा फक्त श्वासाकडे लक्ष ठेवून ऐका. तुफानाचा मारा झेलणाऱ्या, घर मागणाऱ्या म्हाताऱ्याचं ते जे स्वगत आहे, तिथे बहुतेक नट पहिल्या ओळीपासून घसा ताणतात आणि मग वर जायला जागाच उरत नाही. लागू खालून सुरू करतात. वाक्य लांब असलं तर श्वास अर्थाच्या जागी घेतात, दम संपला म्हणून नाही. आणि शेवटाकडे आवाज फाटल्यासारखा वाटतो तरी प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो. घसा खरंच फाटला तर शब्द सुटे राहत नाहीत, रोज असे पेशंट येतात माझ्याकडे, मास्तर, कीर्तनकार, राजकीय कार्यकर्ते. म्हणजे तो फाटलेपणा पूर्ण ताब्यातला होता. तीन अंकी नाटक, त्यात एवढी स्वगतं, आणि दौऱ्यावर लागोपाठ प्रयोग. हे शरीराचं काम आहे, नुसतं भावनेचं नाही. त्या भूमिकेने त्यांना फार दमवलं आणि पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा तगड्या नटांनी ती केली, तरी आजही बेलवलकर म्हटलं की लोकांच्या कानात आधी लागूच येतात.

---

रांगडा_कोल्हापूर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार बोलतीलच. पिंजरा १९७२, व्ही. शांतारामांचा. तिथून सुरू कर. गावात आदर्श म्हणून पुजला जाणारा गुरुजी, तमाशाचा फड गावाबाहेर घालवणारा, आणि तोच शेवटी फडात तुणतुणं घेऊन मागे उभा. संध्या पुढे नाचतीय आणि हा मागे तुणतुणं धरून, त्या तोंडाकडे बघ फक्त. गावात गुरुजीचा पुतळा उभा आहे आणि जिवंत गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात अडकतो, आणि मी गुरुजी आहे असं ओरडून सांगत नाही कारण गावाचा विश्वास मोडंल. आमच्या आज्जीनं हा पिच्चर कितीदा बघितला असंल देवाला ठाऊक, दरवेळी शेवटाला उठून आत जायची, बघवायचं नाही म्हणून.

दुसरा सामना, १९७५, जब्बार पटेल, लेखन तेंडुलकर. निळूभाऊ, म्हणजे निळू फुले, हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचा राजा, आणि लागू दारुडा मास्तर. एका बाजूला सगळी सत्ता आणि दुसऱ्या बाजूला एक फाटका म्हातारा, ज्याच्याकडे एकच प्रश्न आहे, मारुती कांबळेचं काय झालं. हा प्रश्न अजून आमच्याकडं बोलण्यात येतो, कुठं काही दडपलं की. बर्लिनच्या फेस्टिवलला स्पर्धेत गेलेला हा पिच्चर. निळूभाऊ आणि लागू एका फ्रेममध्ये आले की कोणाकडं बघू आणि कोणाकडं नको असं होतं.

---

मधुरा_टी

केवढं छान लिहिताय सगळे, मनापासून थँक्यू. पाठीचं वाचून अंगावर काटा आला. पण माझ्या मित्राचा मुद्दा तसाच राहिला. तो म्हणतो नटसम्राट हा अपवाद, तिथे नाटकच इतकं भावनिक आहे की कोणीही रडवेल. बाकी ठिकाणी लागू विचार करताना दिसतात, जगताना नाही.

---

रंगपट_४०००४

मित्राला सांग की विचार करणारा माणूस स्टेजवर उभा करणं हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते लागूंइतकं मराठीत फार कमी जणांनी केलं.

'उद्ध्वस्त धर्मशाळा' घे, गो. पु. देशपांड्यांचं, १९७४. दिग्दर्शन पण लागूंचं आणि मुख्य काम पण. विषय काय, तर एका डाव्या विचाराच्या प्राध्यापकाची त्याच्याच विद्यापीठातले लोक चौकशी करतायत. म्हणजे स्टेजवर टेबल, खुर्च्या, प्रश्न आणि उत्तरं. मारामारी नाही, गाणं नाही, पळापळ नाही. आता अशा नाटकात नट नुसता हुशारीने बोलला तर ते भाषण होईल आणि प्रेक्षक इंटरव्हलला घरी जाईल. लागू प्रश्न आल्यावर लगेच उत्तर द्यायचे नाहीत. प्रश्नामागे काय आहे ते कळलं, त्याचं वाईट वाटलं, वाईट वाटलेलं दाखवायचं नाही असं ठरवलं आणि मग उत्तर दिलं, एवढं सगळं त्या मधल्या क्षणात दिसायचं. कोरडा नट ती जागा भरू शकत नाही.

'कन्यादान' पण तसंच. तेंडुलकरांचं, सदाशिव अमरापूरकरांनी दिग्दर्शित केलं होतं. नाथ देवळालीकर, समाजवादी कार्यकर्ता, जातिभेद मोडायची भाषा आयुष्यभर केलेली, मुलगी दलित कवीशी लग्न ठरवते तेव्हा मनापासून खूश होणारा बाप. पुढे मुलीचा संसार मार खाण्यात जातो आणि त्याच जावयाच्या पुस्तकाचं सभेत कौतुक करायची वेळ या बापावर येते. तत्त्व सोडवत नाही आणि मुलगी डोळ्यासमोर. शेवटी मुलगीच त्याला सुनावते, आणि लागू ऐकत बसतात. ऐकणं हा अभिनय आहे हे मी त्या प्रवेशात शिकलो. त्या नाटकावर तेव्हा खूप टीका झाली, त्यातली काही मला आजही रास्त वाटते, पण तो बाप खोटा होता असं टीका करणारा पण म्हणणार नाही.

आणि 'गिधाडे'. १९७०. परत तेंडुलकर, परत लागू दिग्दर्शक आणि नट. एकमेकांना ओरबाडणारं कुटुंब, तोपर्यंत मराठी स्टेजवर एवढी हिंसा कोणी दाखवली नव्हती. सेन्सॉरने लुगड्यावरच्या रक्ताच्या डागाला हरकत घेतली. तर डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर केलं की हा डाग निळा दिसत असला तरी प्रेक्षकांनी तो लाल समजावा. हुकूम पाळला आणि प्रेक्षकाला खरं काय तेही सांगितलं. ज्या माणसाला नाटकाच्या अर्थाशी देणंघेणं आहे तोच एवढ्याशा डागासाठी असा उभा राहतो. याला कोरडं कसं म्हणायचं?

---

शशिकला_वाचते

मला थोडं वेगळं म्हणायचंय. लागू मोठेच, पण सगळ्या भूमिकांत ते सारखेच भिडले असं मला वाटत नाही. माझ्या आईने नटसम्राट लागूंचं पण बघितलं आणि दत्ता भटांचं पण, आणि तिला दत्ता भट जास्त जवळचे वाटले. ती म्हणायची लागूंचा अप्पासाहेब बघून मान खाली जाते आणि भटांचा बघून त्याला घरी घेऊन जावंसं वाटतं. मला वाटतं मधुराच्या मित्राला हेच म्हणायचं असेल, नीट सांगता आलं नसेल. लागूंच्या कामात एक अंतर असतं, ते प्रेक्षकाला कुरवाळत नाहीत. काहींना ते अंतर कोरडेपणा वाटतं.

हिंदीचं मात्र वाईट वाटतं. शंभरावर हिंदी पिक्चर केले असतील, आणि त्यात त्यांच्या उंचीचं काम किती? घरोंदा, मृणाल सेनांचा एक दिन अचानक, अजून थोडे. बाकी ठिकाणी वडील, जज, वकील, मंत्री. मराठी नटाला हिंदीत असंच वापरलं गेलं, निळूभाऊंना पण.

---

रंगपट_४०००४

शशिकलाताई, तुमच्या आईचं वाक्य फार मोलाचं आहे आणि मला ते पटतं पण. अंतर होतंच. पण ते अंतर त्यांनी ठेवलेलं होतं, त्यांना जवळ येता येत नव्हतं म्हणून नाही. 'हिमालयाची सावली' मध्ये नानासाहेब भानू, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांवरून कानेटकरांनी लिहिलेलं पात्र. संस्थेसाठी घर विसरलेला माणूस. तो माणूस प्रेक्षकाच्या गळ्यात पडला असता तर नाटकच मोडलं असतं, कारण त्याचं घर, शांता जोगांची बयो, तिचंच दुःख तर हे आहे की हा कोणाच्या जवळ येत नाही.

हिंदीबद्दल सहमत. फक्त एवढंच की त्या पैशाने त्यांना मराठीत पाहिजे ती नाटकं करायची मोकळीक दिली असं मी धरतो. आणि स्वतः 'झाकोळ' नावाचा मराठी सिनेमा पण दिग्दर्शित केला, १९८० चा, तनुजा होत्या त्यात, आणि लहानगी उर्मिला मातोंडकर.

---

विवेकी_सातारा

सगळे नाटक-सिनेमावर बोलतायत, मी त्यांच्या आयुष्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहितो कारण ती वेगळी नव्हतीच असं माझं ठाम मत आहे.

लागू उघड नास्तिक होते. देवाला आता रिटायर करा असं त्यांनी लिहिलं आणि बोललं, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला. नटाने असं बोलणं म्हणजे प्रेक्षकच दुखावणं, तिकीटबारीवर परिणाम, पण माघार घेतली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर ते विवेक जागराचे कार्यक्रम करायचे, गावोगाव. मी कॉलेजात असताना असा एक कार्यक्रम ऐकलाय. गंमत म्हणजे दोघं एकाच बाजूचे असून स्टेजवर वाद घालायचे. लागू म्हणायचे देव ही कल्पनाच नाकारली पाहिजे. दाभोलकर म्हणायचे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी आणि शोषणाशी आहे. लोक भरपूर प्रश्न विचारायचे, काही चिडून विचारायचे, आणि लागू शांतपणे, आवाज न चढवता उत्तर द्यायचे. जो आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो तिथे मुद्दाम खाली ठेवलेला. समोरच्याला आवाजाने जिंकायचं नाही हे पाळत होते असं मला वाटतं.

अजून एक, जे नव्या लोकांना फारसं माहीत नसतं. सामाजिक कृतज्ञता निधी. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काहीतरी मानधन मिळावं म्हणून निधी उभा करायचा होता, त्यासाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' चे प्रयोग महाराष्ट्रभर केले. लागू, निळू फुले, तनुजा, अशी नावाजलेली मंडळी. ज्यांच्या नुसत्या नावावर गर्दी व्हायची त्यांनी स्वतःचं नाव कार्यकर्त्यांच्या कामी लावलं. आमच्या भागातले काही कार्यकर्ते त्या मानधनावर काम करू शकले, मला ते माहितीयेत, म्हणून हे लिहिताना आत काहीतरी हलतं.

आणि त्यांच्यावर जे कोसळलं ते पण लिहायला पाहिजे. १९९४ ला मुलगा तन्वीर गेला. मुंबईत लोकलमधून जाताना बाहेरून कोणीतरी भिरकावलेला दगड लागून. अशा वेळी माणूस देवाकडे वळतो असं सगळे म्हणतात. ते वळले नाहीत. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी दीपाताईंनी रूपवेध प्रतिष्ठानतर्फे तन्वीरच्या नावाने रंगभूमीवरच्या ज्येष्ठांचा सन्मान सुरू केला. वयाची सत्तरी ओलांडल्यावर मकरंद साठ्यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस' मध्ये सॉक्रेटिस केला, अतुल पेठ्यांचं दिग्दर्शन. प्रश्न विचारतो म्हणून मरणाची शिक्षा झालेला म्हातारा. त्या वयात एवढी मोठमोठी भाषणं पाठ करून उभं राहायचं. आधीच्या आयुष्याने त्यांना त्या भूमिकेसाठी तयार केलं होतं असंच मला ते बघताना वाटत होतं.

---

कान_नाक_घसा

विवेकी, हे वाचून थांबलो जरा. सॉक्रेटिस मी पण बघितलाय. वयाने आवाजाची धार कमी झाली होती, आमच्या भाषेत सांगायचं तर व्होकल कॉर्ड्स पण म्हाताऱ्या होतात, पूर्वीसारख्या घट्ट मिटत नाहीत आणि हवा निसटते. त्यांनी ते लपवलं नाही. वाक्यं छोट्या तुकड्यांत घेतली आणि तुकड्यांमधल्या जागा विचारासाठी वापरल्या. प्रेक्षकाला वाटलं सॉक्रेटिस विचार करतोय.

---

मधुरा_टी

मंडळी, काल रात्री बाबांबरोबर सामना बघितला. मास्तर सुरुवातीला वाड्यावर येतो, खातो-पितो, हसतो, मला वाटलं हा लाचार माणूस आहे. आणि मग तो एकच नाव पकडून बसतो, आणि प्रत्येक वेळी जरा वेगळ्या सुरात विचारतो, कधी सहज, कधी लाडात आल्यासारखं, कधी दारूच्या नशेत, आणि दर वेळी हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचं एक एक पुट जातं. निळूभाऊंचं काम मोठं होतं ते लागू त्यांना तशी जागा देतात म्हणून पण, हे मला स्टेजवर काम करत असल्यामुळे जाणवलं. समोरच्याचं वाक्य पडू न देणं. मित्राला पण लिंक पाठवलीय. त्याने फक्त 'बघतो' असं लिहिलंय.

आता पिंजरा आणि मग? आणि त्यांचं स्वतःचं काही लिखाण आहे का?

---

विंगेतून

पिंजऱ्यानंतर सिंहासन बघ, परत जब्बार पटेल, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. तिथे लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढायला निघालेला. सामनातला मास्तर आणि हा दाभाडे चार-पाच वर्षांच्या अंतरातले आहेत. मास्तराकडे गमवायला काही नाही आणि दाभाडेकडे मिळवायला सगळं आहे, दोघांची मान धरायची पद्धत बघ.

मग घरोंदा, १९७७, भीमसेनचा. अमोल पालेकर आणि झरीना वहाबला मुंबईत घर मिळत नाही आणि पालेकर तिला सुचवतो की आजारी, पैसेवाल्या बॉसशी लग्न कर. तो बॉस मोदी म्हणजे लागू. कुठल्याही दुसऱ्या पिक्चरमध्ये हा माणूस खलनायक झाला असता. इथे तो इतका सभ्य, एकटा आणि समंजस निघतो की बघणाऱ्याची पंचाईत होते. फिल्मफेअर मिळालं त्यांना त्यासाठी. त्याच वर्षीचा इन्कार पण सोडू नकोस, श्रीमंत उद्योगपती, त्याच्या मुलाऐवजी चुकून नोकराचा मुलगा पळवला जातो आणि आता खंडणी द्यायची की नाही हा प्रश्न. ॲटनबरोच्या गांधीमध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले आहेत, काम छोटं आहे, पण गोखले फर्ग्युसनचे प्राध्यापक आणि लागू फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुणेकर म्हणून मला त्याचं फार अप्रूप.

लिखाण म्हणशील तर 'लमाण' हे आत्मचरित्र आहे, ते वाचच. डॉक्टरकी का सोडली याचं उत्तर आमच्यापेक्षा तिथे जास्त नीट मिळेल, आणि तालमीबद्दल, एखाद्या भूमिकेत कुठे अडकलो याबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते तुमच्या एकांकिकेच्या ग्रुपला थेट उपयोगी पडेल. ग्रुपमध्ये एक कॉपी फिरवा. मित्राला पहिल्यांदा दे.